वाचक विचारतात: 'सूट होतं' हे जर्मनमध्ये कसं म्हणायचं?

यावेळी जर्मन शिकणाऱ्यांची पत्रं जास्त आली आहेत आणि त्यातली बरीचशी फिरून 'पासेन' या एकाच क्रियापदापाशी येतात, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवलेत आणि यावेळी फक्त हेच घेतलंय. जर्मन शब्द कानाला ऐकू येतात तसे देवनागरीत लिहिलेत, काही उच्चार देवनागरीत अगदी तंतोतंत येत नाहीत तेवढं समजून घ्या.

प्रश्न: नमस्कार मॅडम, मी कोल्हापूरची, नर्सिंग पूर्ण झालंय आणि आता जर्मनच्या बी टू पातळीच्या परीक्षेची तयारी चालू आहे. 'हा रंग तुला सूट होतो' यासाठी मी 'डीझं फार्बं पास्ट डीर' लिहिलं तर सरांनी लाल करून 'श्टेट' लिहिलं. मग 'हे औषध मला सूट होत नाही' याला मी 'श्टेट' लिहिलं तर तेही चूक निघालं. डिक्शनरीत सूटला पासेन, श्टेएन, झिश आइग्नेन, टाउगेन, बेकॉमेन असे पाच अर्थ दिलेत. नेमकं कधी काय वापरायचं?

उत्तर: तुमचा गोंधळ अगदी खरा आहे आणि तो जर्मनमुळे नाही तर मधल्या 'सूट'मुळे होतोय. आपण मराठी माणसं जर्मन शिकताना आधी मनात मराठी, मग त्याचं इंग्लिश आणि मग त्या इंग्लिशवरून जर्मन असा प्रवास करतो, कारण पुस्तकं आणि डिक्शनऱ्या बऱ्याचदा इंग्लिशमधूनच असतात, आणि या प्रवासात 'सूट' या एका शब्दात पाच वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. माझं प्रामाणिक मत असं आहे की या क्रियापदांपुरतं तरी इंग्लिश मधून काढूनच टाका. थेट मराठी क्रियापद आठवा. शर्ट बसतो, रंग शोभतो, ओढणी ड्रेसवर जुळते, सामान बॅगेत मावतं, गुरुवार जमतो, दूध मानवत नाही. आपल्याकडे या प्रत्येकाला वेगळं क्रियापद आहे आणि ते आपण जन्मापासून न चुकता वापरतोय, मग त्याचा फायदा का नाही घ्यायचा?

आता कपड्यांपासून घेऊ, कारण तिथेच सगळ्यात जास्त चुका होतात. 'डी याकं पास्ट मीर' म्हणजे जॅकेट मला बसतं, मापात आहे, खांद्यावर घट्ट नाही, बाही लांब नाही, एवढंच. ते घालून मी चांगली दिसते की नाही याबद्दल हे वाक्य काहीही सांगत नाही. दिसण्याबद्दल बोलायचं तर 'डी याकं श्टेट मीर', म्हणजे शोभतं. श्टेएन म्हणजे एरवी उभं राहणं, पण कपडा, रंग, हेअरस्टाइल, चष्मा अशा गोष्टींबरोबर व्यक्ती डाटिफमध्ये, म्हणजे 'मला', 'तुला' अशा रूपात, आली की तो शोभण्याचा अर्थ होतो. म्हणून तुमचा रंग 'श्टेट' झाला, रंगाला माप नसतं ना. दुकानात ट्रायल रूममधून बाहेर आल्यावर मैत्रीण म्हणेल 'झी श्टेट डीर, आबर झी पास्ट डीर निश्ट', शोभतंय गं पण बसत नाहीये, हे एकच वाक्य लक्षात ठेवलंत तरी दोन्ही क्रियापदं कायमची वेगळी होतील.

तिसरा प्रकार जुळण्याचा. 'डी याकं पास्ट त्सू डेर होझं', जॅकेट पॅंटवर जातं, जुळतं. इथे 'त्सू' आला की अर्थ बदलतो आणि त्सूच्या मागे नेहमी डाटिफ. माणसांनाही हेच, 'झी पासेन गूट त्सूआयनांडर' म्हणजे दोघांचा जोडा छान जमतो. आणि एक गोष्ट तुमच्या बाजूने सांगायला हवी, 'डीझं फार्बं पास्ट त्सू डीर' असं लिहिलं असतं तर ते बरोबर होतं, हा रंग तुझ्या एकूण व्यक्तिमत्त्वाला, स्वभावाला जुळतो असा त्याचा अर्थ. म्हणजे चूक पासेन वापरण्यात नव्हती, त्सू सोडण्यात होती.

मग मावणं. 'डेर कॉफर पास्ट निश्ट इन्स आउटो', बॅग गाडीत मावत नाही. इथे 'इन' नंतर आकुझाटिफ, म्हणजे कर्माची विभक्ती, येतो आणि इथे खूप मुलं अडखळतात, त्यांना वाटतं बॅग तर हलत नाहीये, जागेवरच आहे, मग डाटिफ हवा. पण जर्मन माणूस बॅग आत जाते की नाही याचा विचार करतो, आत जाण्याची दिशा आहे म्हणून आकुझाटिफ. तसंच सोफा दारातून जात नाही म्हणायचं तर 'डास झोफा पास्ट निश्ट डुर्श डी ट्युर', आणि झाकण भांड्यावर बसतं हे 'डेर डेकल पास्ट आउफ डेन टॉप्फ'. थोडक्यात नुसता डाटिफ असेल तर बसणं किंवा जमणं, त्सू असेल तर जुळणं, इन किंवा डुर्श असेल तर मावणं, मागचा छोटा शब्द बघायची सवय लावून घ्या, अर्थ तिथूनच कळतो.

आणि यातली सगळ्यात आनंदाची गोष्ट म्हणजे वाक्याची ठेवण. मराठीत आपण 'बूट मला बसतात' म्हणतो, क्रियापद बुटांप्रमाणे चालतं आणि मी 'मला' होते. जर्मनमध्ये हुबेहूब तसंच, 'डी शूअं पासेन मीर', बूट अनेक म्हणून पासेन अनेकवचनी आणि मी डाटिफमध्ये 'मीर'. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी काही जण सुरुवातीला 'इश पासं डी शूअं' असं लिहितात, ही चूक मराठीत विचार करणारा माणूस करूच शकत नाही, 'मी बूट बसतो' असं कोण म्हणेल?

आता तुमचं औषध. इथे आपलं क्रियापद आहे मानवणं, आणि मानवण्याला जर्मनमध्ये चक्क 'बेकॉमेन' आहे. तुम्ही बेकॉमेन म्हणजे मिळणं असं शिकला असाल आणि ते बरोबरच आहे, 'इश बेकॉमं मिल्श' म्हणजे मला दूध मिळतं. पण 'मिल्श बेकॉम्ट मीर निश्ट' म्हणजे दूध मला मानवत नाही. कर्ता कोण आहे ते बघा, पहिल्यात मी, दुसऱ्यात दूध. यात अजून एक बारकावा आहे जो परीक्षेत विचारला गेला तर भलेभले चुकतात, मिळण्याच्या अर्थाने पेर्फेक्ट, म्हणजे भूतकाळ, 'हाबेन' या सहाय्यक क्रियापदाने होतो पण मानवण्याच्या अर्थाने 'झाइन'ने, म्हणजे 'डास एसेन इस्ट मीर निश्ट गूट बेकॉमेन', जेवण मला मानवलं नाही.

तुम्ही नर्स आहात म्हणून सांगते, वॉर्डात पेशंटकडून तुम्हाला बेकॉमेनपेक्षा 'फेरट्रागेन' जास्त ऐकू येईल. 'इश फेरट्रागं डास मेडिकामेंट निश्ट', हे औषध मला सोसत नाही. इथे मात्र पेशंट कर्ता असतो. यावरूनच 'उनफेरट्रेगलिशकाइट' हा लांबलचक शब्द आलाय, म्हणजे एखादी गोष्ट शरीराला न सोसणं, दूध न पचणाऱ्यांच्या बाबतीत 'लाक्टोझं-उनफेरट्रेगलिशकाइट' म्हणतात. ही ॲलर्जीच असेल असं नाही, त्यामुळे पेशंटने हा शब्द वापरला की नक्की काय होतं ते विचारून मगच नोंद करा, पुरळ येतं, मळमळतं की अजून काही. भाषेच्या परीक्षेपेक्षा हे जास्त महत्त्वाचं.

राहिलं टाउगेन. हे जरा जपून वापरायचं. 'डास मेसर टाउग्ट निश्ट्स' म्हणजे ही सुरी काही कामाची नाही, वस्तूबद्दल चालतं. पण माणसाबद्दल 'एर टाउग्ट निश्ट्स' म्हटलं तर ते फार लागतं, तो अगदीच कुचकामी आहे असं ते होतं, आणि 'टाउगेनिश्ट्स' हा तर सरळ उनाड, निकम्मा माणूस यासाठीचा शब्दच आहे. गंमत म्हणजे सद्गुणासाठीचा जर्मन शब्द 'टूगेंड' याच घराण्यातला. म्युनिकच्या बाजूला किंवा ऑस्ट्रियात गेलात तर मात्र 'डास टाउग्ट मीर' ऐकाल आणि तिथे त्याचा अर्थ एकदम प्रेमळ आहे, मला हे आवडतं, मस्त वाटतं. एवढ्या अंतरात क्रियापदाचा मूड असा बदलतो, म्हणून सुरुवातीला ते ऐका, लगेच बोलू नका.

प्रश्न: मी पुण्याहून गेल्या वर्षी श्टुटगार्टला आलो. ऑफिसमध्ये मीटिंग फ्रायडेला ठरत होती, मला त्या दिवशी जमत नव्हतं म्हणून मी 'डास पास्ट मीर निश्ट' एवढंच म्हणालो तर सगळे एकदम गप्प झाले. 'पास्ट' हा शब्द तर इथे सगळे दिवसभर वापरतात, मग मी काय वेगळं बोललो?

उत्तर: व्याकरणाने वाक्य बरोबर आहे, पण ते ऐकणाऱ्याच्या कानावर कसं पडलं ते आपल्या मराठीतूनच बघा. 'शुक्रवारी मला जमणार नाही' आणि 'हे मला चालणार नाही' यात किती फरक आहे. पहिल्यात अडचण आहे, दुसऱ्यात नाराजी आहे. आपल्याकडे दोन क्रियापदं आहेत म्हणून फरक आपोआप होतो, जर्मनमध्ये दोन्हीकडे पासेनच आहे त्यामुळे फरक बाकीच्या शब्दांनी करावा लागतो. नुसतं 'डास पास्ट मीर निश्ट' म्हटलं आणि त्यात आवाज जरा सपाट असला की ते चालणार नाही, पटत नाही या बाजूला जातं, जणू मीटिंगच तुम्हाला मान्य नाही.

तेच 'आम फ्राइटाग पास्ट एस मीर लाइडर निश्ट' म्हटलं की झालं जमणार नाही. यात तीन गोष्टी आल्या, वार सांगितला, 'डास'च्या जागी 'एस' आला आणि 'लाइडर' म्हणजे दुर्दैवाने आला. लाइडर हा छोटा शब्द तिथे फार काम करतो, तो सोडू नका. आणि लगेच पर्याय द्या, 'पास्ट ईनेन डॉनर्सटाग उम त्सेन?' गुरुवारी दहाला जमेल का तुम्हाला? किंवा मोकळं विचारा, 'वान पास्ट एस ईनेन?' डॉक्टरकडे फोन करून टेर्मिन, म्हणजे अपॉइंटमेंट, घेताना, घरमालक मीटर बघायला येणार असेल तेव्हा, मुलाच्या शाळेत टीचरला भेटायचं असेल तेव्हा हीच वाक्यं लागतात. दुसऱ्याची सहमती विचारायची असेल, म्हणजे चालेल ना तुला, हरकत नाही ना, तर 'इस्ट डीर डास रेश्ट?' हेही छान आणि सौम्य आहे.

ऑफिसमधल्या गप्पपणाचं फार मनावर घेऊ नका, दुसऱ्या दिवशी सरळ सांगा की फ्रायडेला मुलाचा टेर्मिन होता किंवा जे काही कारण असेल ते, तिथे कारण स्पष्ट सांगितलेलं लोकांना आवडतं.

आणि एकटा 'पास्ट!' म्हणजे ठीक आहे, ओके, ठरलं, तो वापरायला काहीच हरकत नाही, दक्षिणेत तर पावलोपावली ऐकू येतो. हॉटेलात बिल देताना 'पास्ट सो' म्हटलं की सुटे परत नकोत, ठेवा, असा अर्थ होतो, उत्तरेला यासाठी 'श्टिम्ट सो' जास्त चालतं. सुपरमार्केटच्या काउंटरवर 'हाबेन झी एस पासेंड?' असं विचारतात तेव्हा ते सुटे पैसे आहेत का, अगदी बरोब्बर रक्कम आहे का, एवढंच विचारत असतात.

प्रश्न: मी न्युर्नबेर्गला राहते. शेजारच्या आजींना पुरणपोळी नेऊन दिली, खूप मनापासून केली होती, तर खाऊन त्या फक्त 'बास्ट शो' म्हणाल्या. नवरा म्हणतो म्हणजे ठीकठाक. मला वाईट वाटलं. त्यांना आवडली नाही का?

उत्तर: आवडली, नक्की आवडली, वाईट वाटून घेऊ नका. न्युर्नबेर्ग म्हणजे फ्रांकेन, बायर्न म्हणजे बव्हेरिया राज्याच्या उत्तरेचा भाग, आणि तिथले लोक 'प'चा 'ब' आणि 'ट'चा 'ड'च्या जवळ जाणारा मऊ उच्चार करतात, त्यामुळे 'पास्ट शोन'चं 'बास्ट शो' होतं. शब्दशः ते ठीक आहे, जमलंय असंच आहे, पण फ्रांकेनमध्ये कौतुक करायची पद्धतच अशी आहे आणि 'बास्ट शो' ही तिथली सगळ्यात मोठी दाद समजली जाते, हे जर्मनीभर माहीत आहे. शेजारच्या श्वाबेनमध्ये, म्हणजे श्टुटगार्टच्या बाजूला, तर म्हणच आहे, 'नेट गशिम्फ्ट इश गनूग ग्लोप्ट', ओरडा पडला नाही म्हणजे कौतुक झालं. आपल्याकडेही जुन्या पिढीतली माणसं ताट स्वच्छ करून 'बरं झालंय' एवढंच म्हणायची आणि करणारीला ते पुरायचं.

दुसऱ्या ठिकाणी मात्र 'पास्ट शोन' वेगळं असू शकतं. तुम्ही चुकून कुणाला धक्का दिला, सॉरी म्हणालात, तर 'पास्ट शोन' म्हणजे असू दे, काही नाही झालं. आणि कुणी सुस्कारा सोडून म्हणालं तर मात्र ते नाइलाजाने चालवून घेतायत. तुमच्या आजींनी पोळी संपवली की ठेवली यावरून तुम्हाला कळेलच, होळीला पुन्हा द्या.

प्रश्न: जर्मनीत नोकरीचा अर्ज लिहायचाय. 'मी या पोस्टसाठी योग्य आहे' याला 'इश पासं फ्युर डी श्टेलं' लिहू का? एक मित्र म्हणतो गेआइग्नेट लिही. (ठाणे)

उत्तर: मित्र बरोबर सांगतोय. पात्रता, म्हणजे शिक्षण, अनुभव, तब्येत, कौशल्य या अर्थाने योग्य असेल तर 'झिश आइग्नेन' किंवा त्याचं विशेषण 'गेआइग्नेट'. 'इश आइग्नं मिश फ्युर डी श्टेलं' किंवा 'इश बिन फ्युर डी श्टेलं गेआइग्नेट'. हे क्रियापद नेहमी झिश घेऊन येतं ('मी' कर्ता असेल तर त्याचंच 'मिश' होतं), ते विसरू नका. मागे फ्युर आला तर आकुझाटिफ, त्सू आला तर डाटिफ, आणि 'म्हणून' अशा अर्थी 'आल्स', जसं 'डास बूख आइग्नेट झिश आल्स गेशेंक', हे पुस्तक भेट म्हणून चांगलं.

पासेन अर्जात चालतं पण वेगळ्या कामाला. 'डी श्टेलं पास्ट त्सू मीर', हे काम माझ्या आवडीनिवडीला, स्वभावाला जुळतं. इंटरव्ह्यूत 'वारुम पासेन झी त्सू उन्स?' असं विचारलं तर डिग्र्या वाचून दाखवू नका, ते तुम्ही माणूस म्हणून आमच्यात कसे रुळाल हे विचारतायत. 'वारुम झिंट झी गेआइग्नेट?' विचारलं तर मात्र अनुभव आणि सर्टिफिकेट. दोन प्रश्न ऐकायला सारखे वाटतात पण उत्तरं पूर्ण वेगळी हवीत, आणि चांगली तयारी केलेली मुलं इथेच मार खातात.

सरकारी कागदांत तर गेआइग्नेटच भेटतं. नर्सिंगचा जर्मन कायदा, 'फ्लेगंबेरूफंगेझेत्स', जो २०२० पासून लागू आहे, त्याच्या दुसऱ्या कलमात परवाना मिळायला माणूस तब्येतीच्या दृष्टीने या कामाला 'उनगेआइग्नेट' नसावा अशी अट आहे, त्यासाठी डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून बरेच जण हे कागद बघतायत, म्हणून मुद्दाम सांगितलं. घरातही हा शब्द सापडेल, खेळण्याच्या खोक्यावर तीन वर्षांखालच्या मुलांसाठी 'निश्ट गेआइग्नेट', डब्यावर मायक्रोवेव्हला गेआइग्नेट. बटाट्याच्या पिशवीवर 'फेस्टकोखेंड' असेल तर तो शिजून फुटत नाही, सॅलडला झिश आइग्नेन, आणि वड्याचं सारण करायचं तर 'मेलिशकोखेंड' घ्या, तो छान मऊ कुस्करतो.

प्रश्न: 'आउफपासेन' म्हणजे लक्ष ठेवणं आणि 'फेरपासेन' म्हणजे गाडी चुकणं, यांचा पासेनशी काही संबंध आहे का? आणि लायब्ररीतल्या जुन्या पुस्तकात 'पास्ट'मध्ये दोन एसच्या जागी इंग्लिश बीसारखं एक अक्षर आहे, ते चुकीचं छापलंय का? (नाशिक)

उत्तर: संबंध आहे. मूळ फ्रेंचमधलं 'पासे', म्हणजे पुढे जाणं, पार होणं, ते डच भाषेतून जर्मनमध्ये आलं. काहीतरी जवळून निघून गेलं आणि आपल्याला गाठता आलं नाही ते फेरपासेन, 'इश हाबं डेन त्सूग फेरपास्ट', माझी ट्रेन चुकली. येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवून थांबणं यातून आउफपासेन, 'पास आउफ!' म्हणजे सांभाळ, बघ. 'झिश आनपासेन' म्हणजे जुळवून घेणं, त्याच्या मागे 'आन' आणि आकुझाटिफ. पत्त्यांच्या डावात 'इश पासं' म्हणजे माझा पास, तेही यातलंच.

छपाई चुकीची नाही. ते अक्षर म्हणजे एस्त्सेट. १९९६ च्या शुद्धलेखन सुधारणेआधी 'पास्ट' त्या अक्षराने लिहायचे, नंतर नियम झाला की आधीचा स्वर ऱ्हस्व असेल तर दोन एस लिहायचे, दीर्घ असेल तर एस्त्सेट ठेवायचं, म्हणून 'श्ट्रासं' म्हणजे रस्ता आणि 'फूस' म्हणजे पाऊल यात ते अजून आहे. स्वित्झर्लंडमध्ये ते अक्षर वापरतच नाहीत, सगळीकडे दोन एस. जुनं पुस्तक बिनधास्त वाचा, फक्त परीक्षेत नवीन पद्धतीने लिहा.